दमाचं सूत

अक्कांच्या तोंडी 'पूर्ण' हा शब्द मी एकदाच ऐकला. ते पुढं येईलच. एरवी तब्येत विचारली की म्हणायच्या, "पाऊण बरी हाय." हुकं लावून, इस्त्री करून पिशवीत घातलेला ब्लाउजसुद्धा त्यांच्या लेखी पाऊणच झालेला असायचा. उरलेला पाव बाईनं तो अंगात घालून एकदा आरशासमोर वळून बघितल्यावर व्हायचा. चहा पाऊण कप, झोप पाऊण, आणि ज्या माणसाबद्दल त्यांना फारच चांगलं बोलायचं असेल तो 'पाऊण देव'. खुद्द देवालासुद्धा त्या याहून जास्त काही म्हणाल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

जळकोटला हमरस्त्याच्या कडेला त्यांचं शिवणाचं दुकान होतं. बारावी झाल्यावर मी तिथं एक ब्लाउज शिवायला टाकायला गेले, मग तो आणायला गेले, आणि नंतर जातच राहिले. नात्यानं त्या माझ्या कोणी नव्हत्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. आता त्या नाहीत. पण जेवण झाल्यावर डोळा लागला की मला ते दुकान दिसतं, आणि तिथं दरवेळी दुपारच असते.

दारात आडवी दोरी बांधलेली. तिच्यावर ब्लाउजपीस आणि अस्तरं वाळत घातलेली, कारण कापड भिजवून वाळवल्याशिवाय अक्का त्याला कात्री लावत नसत. पोपटी, राणी, आंबा, जांभळं. ऊन त्या कापडांतून गाळून आत यायचं आणि फरशीवर रंगांचे चौकोन पडायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की दोरी हलायची, मग ते चौकोन सरकत माझ्या पायांवर यायचे आणि परत जायचे. आत शमाभाभींचं मशीन चालू असायचं. शमाभाभी म्हणजे अक्कांच्या कारागीर, लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून त्यांच्याकडंच. मशीन थोडा वेळ धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. त्या आवाजात आम्ही तिघीही अर्धवट झोपेत असायचो. हातांची कामं तेवढी चालू असायची.

अक्का माणसांशी मराठीत बोलायच्या आणि कापडाशी कानडीत. कात्री लावायच्या आधी कापड मेजावर पसरून त्यावरून तळहात फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "बा, बा." म्हणजे ये, ये. सिल्क घसरायला लागलं की दटावायच्या, "सुम्मने कुंद्रु." गप बस. मी एकदा विचारलं, "अक्का, कापडाला मराठी कळत नाही का?"

"कळत असंल की," त्या म्हणाल्या. "पर माझ्या आयनं मला शिवण कानडीत शिकवली. माझ्या हातालाच मराठी येत न्हाय, त्याला म्या काय करू?"

हात मोजायचे तेही कानडीतच. पाव म्हणजे काल, पाऊण म्हणजे मुक्काल. "मुक्काल, मुक्काल," असं म्हणत त्या खडूनं रेघ ओढायच्या आणि रेघ त्या शब्दाइतकीच गोल यायची. मला कानडी येत नाही. पण हा एक शब्द मी अजून एकटी असताना कधी कधी म्हणून बघते.

त्यांच्या गळ्यात कायम दोन गोष्टी असायच्या, लिंगायतांचं इष्टलिंग आणि टेप. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, बायका अंगावर सोनं घालून निघायच्या आणि अक्का टेप घालून. ती टेप इतकी जुनी होती की तिचा पहिला इंच झिजून साफ पांढरा झाला होता. त्यामुळं माप एकच्या आकड्यापासून धरायचं आणि शेवटी एक वजा करायचा. मी नवी टेप आणून देते म्हटलं तर माझ्यावरच उखडल्या. "पयला इंच कुणाला लागतो गं? एक इंचाचं माणूस बघितलंस का कुठं?"

माप घेताना त्या डोळे मिटायच्या आणि बाईला काहीतरी विचारायच्या. लेक कुठं असते आता? जावई बोलतो का नीट? बाई बोलायला लागायची आणि तेवढ्यात टेप फिरून यायची. "गप हुबी ऱ्हायलेली बाई दम धरून ठेवती," त्या मला सांगायच्या. "पोट आत घेती, छाती ताठ करती. खोटं माप देती. बोलली की खरी हुती."

अशा अक्कांनी एका दुपारी पोपटी कापडावर पिवळ्या खडूनं रेघ ओढली आणि ती रेघ त्यांना दिसेना.

साखरेनं डोळे धरले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत येईल असं समजू नका. अक्का म्हणायच्या, "सगळ्या दुनियेला अस्तर लावल्यागत दिसतंय." लांबचं बऱ्यापैकी दिसायचं, मोठी अक्षरं लागायची, पण टेपवरच्या बारीक रेघा गेल्या त्या गेल्याच. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला. दर रविवारी न चुकता फोन करणारा, बायकोमुलांसकट आईवर जीव असलेला. त्यानं सरळ सांगितलं, दुकान बंद कर आणि इकडं ये.

"तिथं यिऊन काय करू?"

"काही करू नकोस. आराम कर."

"आराम पाव दिवस पुरतो रे बाबा. उरलेला पाऊण दिवस काय करू?"

फोन स्पीकरवर होता आणि आम्ही दोघी ऐकत होतो. मुलगा हसला, पण बधला नाही. शेवटी दोघांत असं ठरलं की अक्कांनी कापडाला हात न लावता ही लग्नसराई दुकान नीट चाललं, तर त्यांनी जळकोटलाच राहायचं. नाही चाललं, तर कुलूप लावून पुण्याला जायचं. फोन ठेवल्यावर अक्का कितीतरी वेळ मेजावरच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत बसल्या. शमाभाभींनी मशीन थांबवलं होतं.

मी नळदुर्गला कंप्युटरचा कोर्स केला होता आणि तो अंगात मुरून बाहेर पडायला वाट शोधत होता. मी म्हटलं, आपण सगळ्यांची मापं कंप्युटरवर घालू. टेप अक्का धरतील, आकडा मी वाचीन, भागाकार कंप्युटर करील आणि कापड भाभी बेततील. मुलानं त्याचा जुना कंप्युटर पाठवून दिला. स्वतःच्याच विरुद्ध बाजूला मदत करणारा तो मुलगा, अक्का त्याला पाऊण देव म्हणायच्या ते उगाच नाही. कंप्युटर आला त्या दिवशी अक्कांनी आधी त्याचं माप घेतलं. मग शमाभाभींना सांगून त्याला जांभळं कव्हर शिवून घेतलं, वायरी बाहेर यायला मागचा गळा खोल, त्याला नाडी आणि नाडीला लटकन.

ब्लाउजचं कापड चार पदरी घडी करून कापतात, म्हणून छातीचं माप चारनं भागावं लागतं. अक्का ते मनातल्या मनात करायच्या. मी एक्सेलमध्ये रकाने पाडले आणि भागाकाराचं सूत्र दिलं. तेहतीस घातले, शेजारी ८.२५ आलं. मी अक्षरं एवढी मोठी केली होती की पडद्यावर चारच खाने मावायचे. अक्का नाक लावून बघत राहिल्या.

"हे काय?"

"सव्वाआठ."

"मग मधी माशी कशाला बसलीय?"

"माशी नाही अक्का, टिंब आहे. दशांश. पुढचे पंचवीस म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले—"

"इंचाचे शंभर? मुंगीचा ब्लाउज शिवायलीस व्हय?" त्यांनी गळ्यातली टेप माझ्यापुढं धरली. "हितं बघ. एका इंचात आठ सूत. माझ्या आयच्या टेपवर आठ, माझ्या टेपवर आठ. शंभर कुणाच्या टेपवर हायत?"

मी म्हटलं, अक्का, आकडा तोच आहे, नुसतं लिहायची तऱ्हा वेगळी. त्या "बरं" म्हणाल्या. कंप्युटर शिकलेल्या पोरीशी वाद कुठवर घालायचा, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

सराईतलं पहिलं मोठं काम पेट्रोलपंपामागच्या एका घरचं आलं. नवरी, तिची आत्या, काकवा, मावश्या, करवल्या. अक्का डोळे मिटून टेप धरत होत्या आणि लेकीजावयांची चौकशी करत होत्या, मी आकडे वाचत होते. मग पडद्यावरचा एकेक आकडा मी चिठ्ठीवर उतरवला आणि ती चिठ्ठी टाचणीनं त्या त्या कापडाला लावली. भाभींनी पहिल्यांदाच खडू हातात घेतला. अक्का लांब स्टुलावर बसल्या होत्या. कबूल केल्याप्रमाणं हात मांडीवर, पण बोटं स्वतःच्याच पदराची घडी घालत होती, मोडत होती. कात्रीचा पहिला आवाज झाला तेव्हा त्या तिथूनच हळू म्हणाल्या, "बा, बा."

ब्लाउज घालून बघायला बायका आल्या, नेमका त्या दिवशी मुलगाही आला होता. नवरीची आत्या आतल्या खोलीतून बाहेर आली ती दोन्ही हातांनी ब्लाउज ओढून धरतच. "अक्का, ह्यात मी आन माझी सून दोघी मावतो की! ब्लाउज शिवलाय का पोतं?" तिच्या मागोमाग काकू, काकूमागं मावशी. कुणाचा थोडा सैल, कुणाचा बराच. आणि गंमत अशी की काहींचा अगदी बेतून घातल्यासारखा बसलेला.

बायका गेल्यावर मुलगा रागावला वगैरे नाही. तो आईच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "आई, बघितलंस ना? मी थांबतो इथं, हळूहळू आवराआवर करू." शमाभाभी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं.

अक्कांनी जणू ऐकलंच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "कुणाकुणाचे बसले?"

मी पडद्यावर बघितलं. ज्यांची छाती बत्तीस होती त्यांचे बसले होते. ज्यांची छत्तीस होती त्यांचे बसले होते. ज्यांचं माप चारनं सरळ भागलं जात होतं तेवढ्याच बायका देवानं वाचवल्या होत्या.

"शमा, हिकडं ये," अक्का म्हणाल्या. "आत्याबाईची चिठ्ठी घे. माझ्यासमोर खूण कर. आन करताना तोंडानं बोल."

चिठ्ठीवर ८.७५ होतं. भाभींनी टेप लावली. "आठ इंच. आगे सात. सात सूत." खडू थोडा सरकला. "उपर पाच, मतलब और आधा सूत." आणि मग रडवेल्या होऊन, "अक्का, मैं तो जैसा लिखा वैसाच काटी."

मग अक्का हसायला लागल्या. भाभींच्या दृष्टीनं बरोबरच होतं. इंचाच्या पुढं जे काही असतं ते सूत, आयुष्यभर दुसरं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. पावणेनऊला सहा सूत हवी होती, त्यांनी साडेसात धरली. एका पदराला दीड सूत जास्त, चार पदरांची मिळून सहा. "पाऊण इंच!" अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "आत्याबाईला पाऊण इंच सैल! बगा, चूक शमाची न्हाय, पोरीची न्हाय, कुणाचीच न्हाय. त्या माशीची हाय."

मुलगासुद्धा हसला. त्याला म्हटलं, दादा, मला थोडा वेळ द्या. मी फॉरमॅटची खिडकी उघडली. नंबर, करन्सी, डेट, टाइम अशी यादी खाली खाली जात होती, आणि तळाकडं 'फ्रॅक्शन' होतं. कोर्सला ते आम्हाला कुणी उघडून दाखवलं नव्हतं, कुणाला लागत नाही म्हणून. पहिला पर्याय निवडला तर ८.५ चं ८ १/२ झालं, ८.२५ चं ८ १/४. मी खूश. अक्का खूश नव्हत्या.

"येकाला दोनाची भाषा, दुसऱ्याला चाराची. शमानं किती भाषा शिकायच्या? समद्यांना आठाचीच बोलायला सांग."

यादीत तसाही पर्याय होता, आठांशाचा. तो दाबला आणि सगळा रकाना एका झटक्यात बदलला. ८ ४/८. ८ २/८. ८ ६/८. मधल्या माश्या उडून गेल्या. आठ इंच चार सूत, आठ इंच दोन सूत, आठ इंच सहा सूत. शमाभाभींनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं आणि आकडे मोठ्यानं वाचायलाच सुरुवात केली. एकाच आकड्याकडं अक्का बघत राहिल्या, तो म्हणजे छत्तीसवालीचा नऊ. त्याच्या पुढं कंप्युटर काहीच लिहीत नाही, पण अपूर्णांकाएवढी जागा मोकळी सोडतो.

"जागा ठेवलीय की," त्या कौतुकानं म्हणाल्या. "शाना हाय."

जुना फॉरमॅट परत लावला की ८ ४/८ च्या जागी पुन्हा ८.५ दिसायचं, तेही त्यांनी हेरलं. मी सांगितलं, अक्का, आत ते टिंबच असतं, आपण फक्त दाखवायला सांगितलंय वेगळं. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "आसू दे," म्हणाल्या. "पोटात काय का आसंना, तोंडावर नीट बोलतंय ना?"

सैल झालेलं आत घेता येतं, हे आमचं नशीब. सगळे ब्लाउज उसवून नीट झाले, लग्न लागलं, आणि मुलगा आईची पिशवी न भरताच परत गेला.

पुढं काम सुरळीत चाललं. भाभींचा खडू न थांबता चालायला लागला. पण काही दिवसांनी बायका कुरकुरायला लागल्या. ब्लाउज बसतो, पण अक्कांसारखा नाही. काय होतं ते सांगता येत नव्हतं. एकीनं हात वर करून दाखवलं, "हितं आसं... आडल्यागत हुतंय." अक्कांनी कपाळावर हात मारला. "दम ऱ्हायला की गं!"

मला वाटलं त्या मायेबद्दल बोलतायत. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती आम्ही सोडतच होतो. दम वेगळा. चारनं भागून झाल्यावर अक्का प्रत्येक पदराला वर थोडं धरायच्या, कुणाला एक सूत, कुणाला दोन. श्वास घ्यायला. इतकी वर्षं हाताला सवय, त्यामुळं ते वेगळं सांगायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी नवा रकाना पाडला आणि वर लिहिलं, 'दम'. त्यात १/८ लिहिलं तर कंप्युटरनं त्याची एक ऑगस्ट केली.

"म्हंजी बाईनं ऑगस्टपत्तूर श्वासच घ्यायचा न्हाय व्हय?" अक्का म्हणाल्या.

मग समजलं की आधी शून्य लिहायचं, एक जागा मोकळी सोडायची आणि मग एक भागिले आठ. त्या दुपारी अक्का स्टुलावर भिंतीला टेकून, डोळे मिटून एकेक बाई आठवत गेल्या आणि मी भरत गेले. रंगांचे चौकोन फरशीवरून सरकत होते. मास्तरीणबाईंना दोन, पोरांवर ओरडावं लागतं. सरपंचबाईंना एकच. "तिच्या जागी नवराच बोलतोय, तिला दम कुठं लागतोय?" भजन म्हणणाऱ्या काकूंना तीन. नव्या नवरीला दोन. "सासरी दम लई लागतो." आणि बसस्टँडजवळच्या एका तरण्या बाईला, जिचा नवरा नुकताच गेला होता, तीन. मी विचारलं, तीन कशाला, किती बारीक आहे ती. अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "रडू गिळायला जागा लागती गं."

"पण अक्का, उद्या नवी बाई आली तर मी कसं ठरवायचं? नियम काय याला?"

"नियम काय न्हाय. तिला बोलायला लाव. आन ऐक."

सराई संपली तेव्हा दुकान अक्कांनी कापडाला बोट न लावता चाललं होतं. मुलगा आला आणि शब्दाला जागला. म्हणाला, "आई, जिंकलीस तू. राहा इथंच." आणि मग म्हणाला, "फक्त थोडे दिवस चल. तिकडच्या डॉक्टरांना डोळे दाखवू, मग आणून सोडतो." याला कोण नाही म्हणणार? जाताना अक्कांनी गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली. गाडी दिसेनाशी झाल्यावर भाभी म्हणाल्या, "अक्का का गला कैसा तो दिख रहा था. खाली."

थोडे दिवस वाढत गेले. आधी तपासण्या, मग औषधं, मग उन्हाळा फार आहे, मग नातवाच्या परीक्षा. मी फोन करायचे. "कशा आहात अक्का?" "पाऊण बरी हाय." मग एकदा, "अर्धी बरी हाय गं." इतक्या वर्षांत त्या कधी पाऊणच्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यानंतर कधीतरी, अगदी सहज, "पाव." मी त्याच दिवशी दादांना फोन केला आणि म्हटलं, गावची जत्रा आलीय, अक्कांना पाठवा. मला विनवणी करायची होती, पण आवाज भांडल्यासारखा निघाला.

अक्का आल्या त्या निम्म्या झालेल्या. अंगातला ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. मी काही न बोलता त्यांना मेजाजवळ उभं केलं आणि टेप लावली, एकच्या आकड्यापासून. त्या ताठ उभ्या राहिल्या, दम धरून. पोट आत घेतलेलं. म्हणून मी डोळे मिटले आणि विचारलं, "अक्का, तिकडं कसं आहे?"

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "सून लई चांगली. हातात ताट देतात, पाणी देतात. लिफ्ट हाय. खिडकीला जाळी हाय." मग जरा थांबून, "समदं पूर्ण हाय गं तिथं. करायला कायबी उरत न्हाय."

टेप माझ्या हातात सैल पडली. त्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला होता. मी माप वाचलं, एक वजा केला, कंप्युटरवर घातलं. दमाच्या रकान्यात मात्र माझा हात थांबला नाही.

"किती धरलंस?" त्यांनी विचारलं.

"चार सूत."

"चार? आगं म्हातारीला येवढा दम कशाला?"

"लागेल," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

त्यांनी पडद्याकडं मान वळवली. मग विचारलं, "चार भागिले आठच लिवलंस ना? अर्धा न्हाय ना लिवलास?"

"चार भागिले आठ, अक्का."

त्या हसल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. "ब्लाउज टाकलाय शिवायला. झाला की येते."

शमाभाभींनी ब्लाउज बेतला, कापला, शिवला. अस्तर लागलं, बाह्या लागल्या, गळ्याला पायपिंग झालं. मग आम्ही तो बाजूला ठेवला, दुसरी कामं होती म्हणून. रविवारी दादांचा फोन आला. आईचं बोलून झाल्यावर त्यांनी फोन माझ्याकडं द्यायला सांगितला.

"ताई, आईचा ब्लाउज झाला का?"

मी अक्कांकडं बघितलं. त्या दारात बसल्या होत्या. मांडीवर कुणाचं तरी राणी रंगाचं कापड होतं आणि त्यावरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होत्या.

"पाऊण झालाय, दादा."

याच घरात वाढलेला माणूस, पाऊण म्हणजे काय हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"घाई करू नका," तो म्हणाला.

त्यानंतर तो दर रविवारी विचारायचा आणि मी दर रविवारी तेच सांगायचे. अक्का शेवटपर्यंत जळकोटलाच राहिल्या. तो ब्लाउज दुकानात आहे, त्याला हुकं लावायची अजून राहिलीत.